बेचाळिसाव्या दिवसाची दोन बोटं

कार्यक्रमपत्रिकेत आजच्या व्याख्यानाचा विषय छापलाय ‘बाळंतपणानंतरचं पोट : शास्त्र आणि व्यायाम’. व्यायाम शेवटी दाखवणार आहे, त्यासाठी चटईही आणली आहे. आधी थोडं शास्त्र, म्हणजे चटईवर मी काय करते आहे ते कळेल.

आपल्या पोटावर पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात, छातीच्या पिंजऱ्यापासून ओटीपोटाच्या खालच्या हाडापर्यंत (जघनास्थी). त्या दोघांना मधोमध जोडणारी एक पांढरट, चिवट पट्टी असते, तिला लिनिआ आल्बा म्हणतात. गर्भ वाढतो तशी ही पट्टी रुंद आणि पातळ होत जाते आणि दोन्ही स्नायू बाजूला सरकतात, मध्ये फट पडते. हेच ते डायास्टॅसिस. फाटत काहीही नाही. ‘मॅडम, माझं पोट आतून फाटलंय’ असं मोबाइलवर वाचून रडत येणाऱ्या मुली मी दर महिन्याला बघते. सिझेरियन झालेल्यांचा आणखी एक गैरसमज : ‘माझे स्नायूच कापलेत.’ नेहमीच्या सिझेरियनमध्ये हे उभे स्नायू कापत नाहीत, मधून बाजूला करतात. फट नैसर्गिक बाळंतपणातही राहते आणि सिझेरियनमध्येही. मागच्या रांगेतल्या काकांनी हसू नये, पोट सुटलेल्या पुरुषांनाही ती होते. फक्त त्यांना कुणी डिंकाचे लाडू देत नाही.

किती जणींना होते? नॉर्वेत ३०० पहिलटकरणींना गरोदरपणापासून वर्षभर तपासत गेले, तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सहाव्या आठवड्याला ६० टक्के बायकांमध्ये फट होती, सहा महिन्यांनी ४५ टक्क्यांत, आणि वर्षानंतरही जवळजवळ ३३ टक्क्यांत. म्हणजे पुष्कळ जणींची आपोआप भरते, पण तिघींतल्या एकीची वर्षानंतरही राहते. आणि आता जरा कान देऊन ऐका : फट असलेल्यांना कंबरदुखी जास्त होती, असं त्यात आढळलं नाही. तेव्हा कंबर दुखली की लगेच त्या फटीवर आळ घेऊ नका.

आता पट्टा. मला ठाऊक आहे, निम्म्या जणी त्यासाठीच आल्या आहेत.

पोट बांधण्याची रीत आजची नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, सूतिकेच्या पोटाला मोठं वस्त्र गुंडाळायला सांगितलं आहे, वायूला आत जागा मिळू नये म्हणून. ‘पोटात वारा शिरेल’ असं आजी म्हणते तेव्हा ती मनाचं काही सांगत नसते. माझं भांडण आजीशी नाहीच. मऊ सुती लुगड्याचा पट्टा, शेक, मालीश, सव्वा महिन्याची विश्रांती, बाळंतिणीला हे सगळं बरंच वाटतं. उठताबसताना आधार मिळतो. सिझेरियनच्या टाक्यांना तर नक्कीच. माझं भांडण आहे ते पट्टा बांधला की काम झालं, या समजुतीशी.

माझ्याकडे एक बाळंतीण आली होती. बरोबर आई आणि सासू. आईचा आग्रह जुन्या नऊवारीच्या पट्ट्याचा. सासूचा मेडिकलमधल्या वेल्क्रोच्या. नणंदेनं ऑनलाइन मागवलेला तिसरा पिशवीत होता, तो तटस्थ. घरात वाद नको म्हणून या मुलीनं दोन्ही पट्टे एकावर एक बांधले होते! बाहेरून दोन पट्टे, दोन्ही बाजूंना दोन बायका. तिला धड श्वास घेता येईना. शिंकली की लघवी सुटायची, ते मात्र तिनं दोघींना बाहेर बसवल्यावर सांगितलं. पोट करकचून आवळलं की दाब कुठेतरी जाणारच. तो खाली जातो, बाळंतपणानं आधीच दमलेल्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर. पट्ट्यानं फट मिटते याला भक्कम पुरावा नाही. (समोरून प्रश्न : ‘मग पैसे वाया गेले का?’) नाही हो काकू, आधारासाठी वापरा. सैलसर, चालताना, सुरुवातीचे काही आठवडे.

तर मी दोघींना आत बोलावलं आणि विचारलं, ‘हिच्या पोटाला हात लावून कुणी बघितलं का?’ दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. घरी सोडतानाचं कार्ड बघितलं. बाळाचं वजन, बाळाची लस, बाळाची पुढची तारीख. आईच्या खात्यात लोहाच्या गोळ्या आणि टाके. पोट कुठेच नाही. शेजारणीचं लक्ष मात्र असतं : ‘काय गं, आत अजून एक राहिलंय का?’

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी सगळीकडे मांडत असते. आपल्याकडे दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते, घरी झालं तर सात वेळा. बाळाचं वजन करते, ताप बघते, आईलाही अंगावरून जास्त जातंय का विचारते. त्या शेवटच्या भेटीत आईच्या पोटावर दोन बोटं ठेवायला तिला शिकवा. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतरच्या व्यायामाच्या सत्रांचे पैसे सरकारी आरोग्य विमा भरतो. आपण तिथवर जाऊ तेव्हा जाऊ, बोटं तर आजच आहेत.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भराभर सांगते. चटईवर बघा.

उताणं झोपा, गुडघे दुमडा. बोटं बेंबीच्या वर, टोकं पायांकडे करून, शेजारी-शेजारी ठेवा. डोकं आणि खांदे जरा उचला. स्नायूंच्या दोन कडा बोटांना लागतील. मध्ये दोनपेक्षा जास्त बोटं मावली तर फट आहे. बेंबीच्या खालीही बघा. पण रुंदीपेक्षा ताण महत्त्वाचा. बाजेची नवार रुंद असून कसलेली असली तर माणूस झोळात जात नाही, तसं. बोट खोल, मऊ जात असेल तर कामाला लागा. तळाला कडक लागत असेल तर रुंदीची फार चिंता नको.

व्यायाम : श्वास सोडताना लघवी रोखल्यासारखं खालून वर ओढा, मग बेंबीखालचं पोट हळूच आत. श्वास घेताना सैल सोडा. हे जमलं की टाच जमिनीवरून लांब सरकवा, परत आणा, एकेक पाय. मग कंबर उचलणं. पोटाच्या बैठका म्हणजे विष नव्हे. अल्ट्रासाउंडखाली पाहिलं तर डोकं उचलताना फट उलट थोडी अरुंद होते. फक्त मधोमध डोंगरासारखा उंचवटा आला तर तो व्यायाम अजून तुमचा नाही, एक पायरी खाली या. बादली, बाळ, गॅसचा सिलिंडर काहीही उचलताना श्वास सोडत उचला. अंथरुणातून कुशीवर वळून उठा. महिन्या-दोन महिन्यांत निकाल मागू नका, स्नायूंना वेळ लागतो.

शस्त्रक्रिया आहे, पण ती व्यायाम करून झाल्यावर आणि पुढचं मूल नको असं ठरल्यावर. बेंबीजवळ गोळा येत असेल तर हर्निया असू शकतो, तो सर्जनला दाखवा. गोळा दुखतोय, आत जात नाहीये, उलट्या होतायत, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.