बाटलीची मागची बाजू

[दृश्य: टेबलावर शाम्पू, फेसवॉश, क्रीम आणि लिपस्टिक. एकेक वस्तू उचलून खोक्यात ठेवणारे हात.]

सॅलिनास हा कॅलिफोर्नियातला शेतीचा पट्टा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या १४ ते १८ वयाच्या १०० मुलींना एक काम दिलं. तीन दिवस स्वतःचा शाम्पू, साबण, क्रीम, मेकअप बंद ठेवायचा आणि आम्ही देऊ त्याच वस्तू वापरायच्या. या वस्तू लेबल वाचून निवडलेल्या होत्या. सुगंध टिकवणारं थॅलेट, वस्तू खराब होऊ न देणारं पॅराबेन, जंतू मारणारं ट्रायक्लोसान आणि सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन, यांपैकी एकही नाव त्यावर नव्हतं. ही द्रव्यं शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात, असा संशय आहे. आधी लघवीचा नमुना घेतला, तीन दिवसांनी पुन्हा घेतला.

निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दोन मुख्य पॅराबेनचं प्रमाण ४४-४५ टक्क्यांनी उतरलं होतं. ट्रायक्लोसान ३६ टक्क्यांनी खाली आलं होतं, आणि सुगंधी वस्तूंमधून येणाऱ्या थॅलेटचा अंश २७ टक्क्यांनी. फक्त तीन दिवसांत! ही द्रव्यं शरीर फार काळ साठवत नाही, एक-दोन दिवसांत बहुतेक बाहेर टाकतं. ती रोज सापडतात, कारण आपण ती रोज लावतो.

मुलींची तब्येत सुधारली असं या अभ्यासाने म्हटलेलं नाही, ते तपासलंही नव्हतं. आणि त्यातला एक आकडा कुठल्याच जाहिरातीत येणार नाही. आणखी दोन पॅराबेन, इथाइल आणि ब्यूटाइल, उलट वाढले होते. इतक्या काळजीने निवडलेल्या वस्तूंमधूनही काहीतरी निसटून आलं असावं.

[दृश्य: शाम्पूची बाटली फिरते. पुढे कोरफडीचं हिरवंगार पान. मागे बारीक अक्षरांच्या आठ-दहा ओळी.]

तेव्हा बाटली फिरवून मागचा मजकूर वाचू. सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची नावं प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने येतात. पहिलं नाव बहुधा पाणी. मग फेस आणणारं द्रव्य, मग दाटपणा देणारं. एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कुठल्याही क्रमाने लिहिता येतात, आणि खरी गंमत तिथे सुरू होते. पुढच्या बाजूला मिरवणारी कोरफड इथे शेवटून चौथी आहे, वस्तू खराब होऊ न देणाऱ्या संरक्षक द्रव्याच्याही खाली. एवढ्या कोरफडीसाठी पैसे मोजायचे का, ते ज्याचं त्याने ठरवावं. पुढच्या बाजूवरच्या 'नैसर्गिक' या शब्दाला तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, सौंदर्यप्रसाधनांसाठी कायदेशीर व्याख्याच दिलेली नाही.

[दृश्य: बोट एका शब्दावर थांबतं: 'परफ्यूम'.]

या ओळींमधला सगळ्यात दाट पडदा म्हणजे हा एक शब्द. फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम. याच्या मागे पाच द्रव्यं असतील किंवा पन्नास. व्यापारी गुपित म्हणून ती उघड करावी लागत नाहीत. युरोपीय संघाने यातली अ‍ॅलर्जी देणारी २६ द्रव्यं ठरावीक प्रमाणापुढे गेली की नावानिशी छापायला लावली, आणि २०२३ च्या नियमाने ती यादी ८० च्या पुढे नेली. त्या यादीतली बरीच नावं झाडाझुडपांतून येणारी आहेत. लिमोनीन लिंबू-संत्र्याच्या सालीतलं, लिनालूल लॅव्हेंडरमधलं. उघड्या बाटलीत हवा लागून ती ऑक्सिडाइझ होतात आणि त्वचेला जास्त झोंबतात. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. एकच बदल करायचा असेल, तर बिनवासाचं घ्या. हर्बल वासाचं नको, बिनवासाचंच.

संरक्षकांची कथा जरा वेगळी. २००४ साली स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये पॅराबेन सापडल्याचं एक संशोधन आलं. निरोगी ऊतींशी तुलना त्यात नव्हती, पण बातमी सुटली ती सुटलीच. पॅराबेन काढून टाकण्याच्या गडबडीत अनेक वस्तूंमध्ये मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाचं दुसरं संरक्षक शिरलं. काही वर्षांतच त्वचारोगतज्ज्ञांकडे पुरळ आणि खाज घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला 'अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' ठरवलं, आणि २०१७ पासून युरोपने ते अंगावर लावून ठेवायच्या क्रीम-लोशनमधून हद्दपार केलं. युरोपने पॅराबेनच्याही पाच प्रकारांवर २०१४ मध्ये बंदी घातली. मिथाइल आणि इथाइल मर्यादेत चालू ठेवले.

मग संरक्षक नकोच, असं म्हणून घरी लोशन घोटणारेही आहेत. पाणी आणि तेल एकत्र आलं की जिवाणू-बुरशीला आयतं घर मिळतं, आणि डोळ्याला दिसेपर्यंत ती कितीतरी वाढलेली असते. संरक्षक टाळायचंच असेल, तर पाणीच नसलेली वस्तू घ्यावी. साबणाची वडी, शाम्पूची वडी, नुसतं तेल, कोरडी पूड.

[दृश्य: खिडकीची काच. स्प्रेचा फवारा उन्हात चमकतो.]

आता साफसफाईकडे. नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा हजारांहून जास्त लोकांच्या फुप्फुसांची क्षमता सुमारे वीस वर्षं मोजली. घरात किंवा नोकरीत साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटलेली दिसली. पुरुषांमध्ये असा फरक आढळला नाही. स्प्रे मारला की द्रव्याचे बारीक थेंब हवेत तरंगतात आणि थेट श्वासात जातात. तेच लिक्विड फडक्यावर ओतून पुसलं, तर काच तितकीच स्वच्छ होते. बाटली बदलायच्या आधी हे करून पाहायला काहीच लागत नाही.

लिंबाच्या वासाचं क्लीनर वापरलं की घर कसं प्रसन्न वाटतं! त्यातलं लिमोनीन घरातल्या हवेतल्या ओझोनशी भिडतं, आणि त्यातून जे तयार होतं त्यात फॉर्माल्डिहाइड हा घातक वायूही असतो. लिमोनीन अस्सल सालीतून काढलंय की कारखान्यात बनवलंय, ओझोनला त्याच्याशी देणंघेणं नसतं. पुसताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, ते याचसाठी.

[दृश्य: काचेच्या भांड्यात खाण्याचा सोडा. वरून व्हिनेगर पडतं, फेस उसळतो.]

आणि हा सगळ्यांचा लाडका प्रयोग. फेस बघायला छान वाटतो. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून मोकळी होतात. उरतं काय, तर पाणी, विरघळलेलं सोडियम अ‍ॅसिटेट आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. म्हणजे जवळपास पाणीच. वेगवेगळे वापरले तर दोघेही कामाचे. व्हिनेगर नळावर चढलेला पांढरा क्षार काढतो; संगमरवराला मात्र लावू नये, तो दगडही त्याच जातीचा, लगेच निस्तेज होतो. सोडा हलक्या घासणीचं काम करतो. तेलकटपणा हटत नसेल तर धुण्याचा सोडा. तो बराच तिखट, हातमोजे हवेतच. यातलं काहीही चेहऱ्यावर नको. त्वचेचा पीएच (आम्ल-अल्कली मोजणारा आकडा; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ५ च्या आसपास असतो, खाण्याचा सोडा ८ च्या पुढे. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं, तर भाजल्यासारखे फोड उठू शकतात.

दोन वस्तू आहे तशा राहू द्या. फ्लोराइडची टूथपेस्ट सोडली की किडीविरुद्धचं मोठं संरक्षण जातं. आणि घरी कालवलेलं सनस्क्रीन किती ऊन अडवतं, हे कुणीच मोजलेलं नसतं. ऊन अडवणारी रासायनिक द्रव्यं नको असतील, तर झिंक ऑक्साइडचं तयार सनस्क्रीन मिळतं.

[दृश्य: मोरीजवळ मांडलेल्या अर्धवट बाटल्या. हात एकीचं झाकण फिरवू लागतो आणि थांबतो.]

बदल ठरला की जुनं ओतून टाकायची घाई होते, आणि धोका नेमका तिथे असतो. ब्लीच आणि अ‍ॅसिडचं टॉयलेट क्लीनर एकाच मोरीत लागोपाठ पडलं, तर क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि व्हिनेगरचंही तेच. काचेच्या काही लिक्विडमध्ये अमोनिया असतो. तो ब्लीचला भेटला की क्लोरामाइन तयार होतं, तेही फुप्फुसांना घातक. उरलेलं असेल ते एकेक करून, मूळ बाटलीतूनच वापरून संपवा. वापरायचं नसेल, तर झाकण घट्ट लावून, लेबल न काढता, घातक घरगुती कचरा जिथे घेतात तिथे द्या. चुकून मिसळलंच, तर पाणी ओतत उभे राहू नका. आधी बाहेर पडा, मोकळ्या हवेत.