कोणाला मोजलं?

(कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अ‍ॅक्च्युअरी म्हणजे विमा, पेन्शन अशा गोष्टींसाठी माणसांच्या जगण्या-मरण्याच्या शक्यतेचा आणि पैशांचा हिशेब मांडणारा माणूस; याहून जास्त मी सांगत बसणार नाही. माझ्या घरीही ते अजून कुणाला पटलेलं नाही. आईच्या लेखी मी 'विम्यात आहे', आणि शेजारच्या काकू दर मार्चमध्ये विचारतात, टॅक्ससाठी कुठली पॉलिसी काढू? त्यापेक्षा एका कोष्टकाची गोष्ट सांगते.

१६९३ साली एडमंड हॅलीनं, म्हणजे धूमकेतूवाल्या हॅलीनंच, लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी एक निबंध लिहिला. विषय होता माणसं कोणत्या वयात मरतात. आकडे मात्र लंडनचे नव्हते. ते होते ब्रेस्लाउचे, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफचे. तिथले पाद्री कास्पर नॉयमान यांनी गावातले जन्म-मृत्यू वयानिशी टिपून ठेवले होते. लंडनच्या नोंदींत तेव्हा मेलेल्याचं वयच नसे. शिवाय लंडनमध्ये सतत बाहेरची माणसं येत, म्हणजे जन्मलेले वेगळे आणि मेलेले वेगळे. हॅलीनं हे ओळखलं आणि स्थिर वस्तीचं गाव निवडलं. आकडेमोड त्यानंतरची.

आता ते कोष्टक पाहा. एक वर्षाच्या वयाला १००० मुलं धरली, तर दुसऱ्या वर्षाला उरतात ८५५. विसाव्या वर्षी ५९८, चाळिसाव्या वर्षी ४४५, साठाव्या वर्षी २४२. म्हणजे विशीतल्या दर शंभरांतले चाळीसच साठी गाठणार. कोणते चाळीस, हे हॅलीला माहीत नव्हतं. मलाही माहीत नसतं. पण चाळीस हे माहीत असलं तरी पुष्कळ काही करता येतं.

त्याच सुमारास इंग्लंडचं सरकार युद्धासाठी पैसे उभारत होतं. शंभर पौंड द्या आणि हयातभर वर्षाला चौदा पौंड घ्या, अशी योजना होती. वय कुणी विचारत नव्हतं. हॅलीनं सहा टक्के व्याज धरून हिशेब मांडला. वर्षाला एक पौंड हयातभर हवा असेल, तर दहा वर्षांच्या मुलासाठी त्याची किंमत साडेतेरा पौंडांच्या जवळ जाते आणि सत्तरीच्या माणसासाठी सव्वापाचच्या थोडी वर. सरकार मात्र शंभरला चौदा, म्हणजे वर्षाचा एक पौंड सरसकट सातच्या आसपास विकत होतं. कुणी हुशार आजोबांनी नातवाच्या नावानं घेतलं असेल, तर तिजोरीचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

अ‍ॅक्च्युरियल सायन्सच्या, म्हणजे या विषयाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जे शिकवतात ते बहुतांशी इतकंच आहे: जगण्याची शक्यता आणि व्याज, दोन्ही एका गणितात. चिन्हं बदलली, एल-एक्स (त्या वयाला किती उरले) आणि क्यू-एक्स (त्या वर्षात मरण्याची शक्यता) आले, आणि आता एक्सेल नि आर ही संगणकावरची साधनं वापरावी लागतात. ते जमतं. बारावीचं गणित मनापासून केलेल्याला नक्कीच जमतं.

अवघड आहे ते हॅलीनं आधी केलेलं काम: कोणाला मोजायचं ते ठरवणं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात इथे विलायती विमा कंपन्या होत्या. त्या भारतीयांचा विमा एक तर उतरवत नसत, किंवा उतरवलाच तर जादा हप्ता लावत. हाताशी कोष्टकं होती गोऱ्यांच्या आयुष्याची. 'नेटिव्ह' माणसाचे धड आकडे नाहीत, म्हणून तो धोक्याचा, असं ठरवून टाकलं. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिनं भारतीयांना नेहमीच्या दरानं विमा दिला. आकडे नसणं आणि धोका असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येतं आणि मुलं ती ओळ गाळून गणिताकडे जातात.

मीही गाळली होती. त्याची गोष्ट सांगते, लाज वाटली तरी.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे ग्रॅच्युइटीचं काम आलं, म्हणजे कामगारांना पुढे द्यायच्या ग्रॅच्युइटीसाठी एका कारखान्यानं आज किती पैसे बाजूला ठेवावेत ते काढायचं. ग्रॅच्युइटीचं सूत्र तुमच्या पालकांना पाठ असेल: शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले नोकरीची वर्षं. पगार २६ हजार आणि नोकरी वीस वर्षं असेल, तर तीन लाख. हे तीन लाख वीस वर्षांनी द्यायचे असतील, तर सात टक्क्यांनी आज साडेसत्त्याहत्तर हजार बाजूला ठेवले की झालं. पण तो माणूस वीस वर्षं टिकेल का? पाच वर्षांच्या आत सोडून गेला तर कायम कामगारालाही साधारणपणे काहीच द्यावं लागत नाही. म्हणून दरवर्षी किती जण सोडून जातात तो दर धरावा लागतो. कारखाना कोल्हापूरकडचा, फाउंड्रीचा. मी आधी केलेल्या एका आयटी कंपनीची शीट उघडली, त्यातला दहा टक्क्यांचा दर तसाच ठेवला आणि पगार बदलले. दहा टक्क्यांनी वीस वर्षांत शंभरातले बाराच उरतात. देणं अगदी किरकोळ निघालं. मी खूश.

कारखान्याचे अकाउंटंट काका अहवाल बघून म्हणाले, "मॅडम, आमच्याकडनं माणूस जातो तो रिटायर होऊन, नायतर खांद्यावरून." सगळे आजूबाजूच्या गावांतले, प्रत्येकाची थोडी शेती, दोन-दोन पिढ्या त्याच भट्टीवर. ते कुठे जाणार? माझं गणित शंभर टक्के बरोबर होतं. मी माणसं चुकीची मोजली होती.

म्हणून पदवीबद्दल माझं मत ऐका, पटलं तर घ्या. पदवीनं कुणी अ‍ॅक्च्युअरी होत नाही. आपल्याकडे त्यासाठी इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाचे पेपर काढावे लागतात. बारावीनंतर एसीईटी ही प्रवेश परीक्षा देता येते, आणि २०१९ च्या अभ्यासक्रमानुसार फेलो, म्हणजे पूर्ण अ‍ॅक्च्युअरी होईपर्यंत तेरा पेपर होतात. एडिंबराचं हेरियट-वॉट विद्यापीठ किंवा लंडनचं एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) इथल्या पदवीत चांगले गुण पडले, तर ब्रिटनमधल्या अ‍ॅक्च्युअरींच्या संस्थेच्या सुरुवातीच्या काही पेपरांतून सूट मिळते. ती सोय खरी आहे, पण तिची किंमत पौंडांत मोजावी लागते. घर गहाण ठेवून कुणी जाऊ नये असं मला वाटतं.

इथे राहायचं तर संख्याशास्त्राची बीएस्सी करा आणि बाजूनं पेपर द्या, हेही तितकंच चांगलं. अ‍ॅक्च्युरियल सायन्स असं नाव असलेला कोर्स घेणार असाल, तर माहितीपत्रकातले पगाराचे आकडे वाचू नका. आत जाऊन बघा, तिथे मुलांना कच्चा डेटा हाताळायला देतात का, की तीन वर्षं इन्स्टिट्यूटच्या सीएम-वन आणि सीएस-वन या सुरुवातीच्या परीक्षांचे नुसते जुने पेपर सोडवून घेतात. दुसरा प्रकार असेल, तर तो क्लास आहे, आणि क्लासला तीन वर्षांची फी देऊ नये.

मागच्या ओळीतल्या एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "मुलीचे चार पेपर निघाले आणि पुढे नाहीच जमलं तर?" असे पुष्कळ असतात, आमच्या ऑफिसातही आहेत. कुणी डेटाचं काम करतं, कुणी बँकेत रिस्कमध्ये आहे, एक जण शिकवायला लागला आणि त्याला तेच जास्त आवडतं. पण ताई, खरं सांगते, त्यात वर्षं जातात. नोकरी करून रात्री अभ्यास, सहा महिन्यांनी परीक्षा, निकाल, परत तेच. मला सगळे पेपर काढायला नऊ वर्षं लागली, त्यात एक पेपर चार वेळा दिला. मुलीला आधी विचारा, नापास झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती काय करते.