हशा कुठे पडणार, हे खडू ठरवायचा

(दृश्य: स्टुडिओची जमीन, अगदी जवळून)

खडूची ही फुली म्हणजे नटाची जागा. तो अर्धं पाऊल पुढे आला, तर चेहरा धूसर. एमिट्रॉन या सुरुवातीच्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्याला प्रचंड उजेड लागायचा, भिंग जवळजवळ पूर्ण उघडं ठेवावं लागायचं. त्यामुळे स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद. रंगमंचभर धावपळ करणाऱ्या प्रहसनाला दूरचित्रवाणीवर थेट दाखवायचं, तर आता एवढ्यातच मावायचं होतं.

लंडनचं अलेक्झांड्रा पॅलेस. २ नोव्हेंबर १९३६ला बीबीसीची दूरचित्रवाणी इथून सुरू झाली. स्टुडिओ ७० फूट लांब, ३० फूट रुंद. त्यातच सेट, दिवे, कॅमेरे आणि त्यांच्या जाडजूड केबल. केबल ओलांडता येत नाही, म्हणून कोणता कॅमेरा कधी कुठे सरकणार, हे नकाशावर आधीच आखलेलं. कॅमेरामनला व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र दिसायचं तेही उलटं, डोकं खाली आणि पाय वर.

(दृश्य: खुर्ची, मागे दार)

आता विनोदाची खरी अडचण. नाटकात प्रेक्षकाची नजर बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्यावर आपसूक जाते आणि हशा बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पिकतो. इथे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर झटकन जाताच येत नव्हतं. एक चित्र विरत दुसरं उमटायला काही सेकंद लागायचे. तेवढ्यात विनोद शिळा!

यावरचा तोडगा रूपांतरकाराने, म्हणजे नाटक दूरचित्रवाणीसाठी बेतणाऱ्याने काढायचा. नवऱ्याच्या हातात लपवायची चिठ्ठी आहे आणि बायको आत येते. रंगमंचावर दोघांत १२ फुटांचं अंतर चालतं. स्टुडिओत नवरा खुर्चीत, तोंड कॅमेऱ्याकडे. बायको मागच्या दारातून येऊन थेट खुर्चीच्या पाठीला टेकते, म्हणजे तीही फोकसमध्ये. तो मागे वळत नाही. तिचा प्रश्न आणि त्याची उडालेली गाळण एकाच चौकटीत. कॅमेरा बदलायची गरजच उरत नाही. संवादातला शब्दही न बदलता विनोद वाचवणारं हे काम श्रेयनामावलीत कधी ठळक दिसलं नाही. दिसायला हवं होतं.

दुसरी पंचाईत शांततेची. स्टुडिओत प्रेक्षक नाहीत. हशासाठी थांबायची सवय असलेला नट थांबला, की प्रसंगात भोक पडतं. थांबलाच नाही, तर घरी हसणाऱ्यांचं पुढचं वाक्य बुडतं. म्हणून हशाच्या जागेनंतर कपबशी उचलणं, चष्मा पुसणं अशी कृती घालायची किंवा बुडालं तरी चालेल असं वाक्य.

मध्यंतर नाही, मग कपडे कधी बदलायचे? बदलायला ४० सेकंद लागत असतील, तर दुसऱ्या पात्राला ४० सेकंदांचं टेलिफोनवरचं बोलणं लिहून द्यायचं. तालमीत घड्याळ लावून मोजायचं.

सेटच्या भिंती कापडाच्या. प्रहसनात दारं आपटतातच आणि एक दार आपटलं की अख्खा दिवाणखाना थरथरतो. म्हणून दाराची चौकट भिंतीपासून सुटी ठेवून मागून टेका आणि वजनं द्यायची.

नट वाक्य विसरला, तर? प्रॉम्प्टरच्या हाताशी बटण. ते दाबलं की स्टुडिओचा आवाज बंद, मग कुजबुज, मग बटण सोडायचं. जास्त वेळ दाबून राहिलं, तर घरच्यांना वाटायचं संच बिघडला.

(दृश्य: नाट्यगृहाचा दर्शनी भाग)

१६ नोव्हेंबर १९३८ला वेगळी वाट निवडली गेली. लंडनच्या सेंट मार्टिन्स थिएटरमधून इंग्रज नाटककार जे. बी. प्रीस्टली यांचं ‘व्हेन वुई आर मॅरीड’ हे विनोदी नाटक थेट दाखवलं गेलं. हशा सभागृहातलाच, खराखुरा. पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज आणि हातवारे घरातल्या छोट्या पडद्यावर मोठे वाटणारच.

१ सप्टेंबर १९३९ला युद्धामुळे प्रक्षेपण थांबलं. त्या प्रयोगांचं चित्रमुद्रण जवळजवळ नाहीच.

टेप नव्हती. त्यामुळे पुनःप्रक्षेपण म्हणजे काही दिवसांनी सगळ्यांनी परत यायचं आणि पुसल्या गेलेल्या फुल्या नकाशावरून पुन्हा मारायच्या.