कुंकू काळं दिसलं पाहिजे

(दृश्य: कपाळावर कुंकवाची चिरी. हळूहळू चित्रातला रंग जातो.)

ही चिरी लाल आहे. आता बघत राहा. काळी झाली. गाल सावळले. आकाशी लुगडं पांढुरकं पडलं, त्याचा लाल काठ मात्र काळा कुळकुळीत. मागचं आकाश तर कोऱ्या कागदासारखं. एकही ओरखडा घातलेला नाही, एकही ठिपका नाही, तरी चित्र शंभर वर्षं मागे गेलं. मोबाइलवर मूकपटासारखं दृश्य घ्यायचं, तर सुरुवात इथून.

मूकपटांच्या काळातल्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. निळा छान दिसे, हिरवा थोडाफार. म्हणून ओठ, कुंकू, डाळिंबी खण, सगळं काळं. सगळे रंग धरणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म 1920च्या दशकात रुळत गेली. आज आपण रंगीत चित्रातला रंग नुसता काढून टाकला, की हाती लागतं ते त्या नंतरच्या फिल्मचं चित्र. कृष्णधवल खरं, पण बोलपटाच्या काळातलं.

(दृश्य: संगणकाचा पडदा. तीन पट्ट्या सरकतात.)

त्यामुळे सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, शून्यावर आणायचं नाही. संपादनाच्या सॉफ्टवेअरमधला चॅनल मिक्सर उघडायचा (कोणता रंग किती घ्यायचा ते ठरवणारी सोय), मोनोक्रोम, म्हणजे एकरंगी, निवडायचं आणि लाल 0, हिरवा 30, निळा 70 असं प्रमाण ठेवायचं. घोळ होतो तो इथेच. मोबाइलच्या चित्रात सगळ्यात जास्त दाणे, म्हणजे वळवळणारे ठिपके, निळ्यात असतात, आणि पिवळ्या दिव्याच्या उजेडात निळा मुळातच कमी. घरात रात्री घेतलेलं दृश्य या प्रमाणात टाकलं, तर भिंतीवर मुंग्या फिरल्यासारखं दिसतं. यावर सॉफ्टवेअरमध्ये इलाज शोधत बसू नये. सरळ उन्हात जावं.

(दृश्य: गच्ची. चार बांबूंवर ताणलेला मांजरपाट.)

तेव्हाचे लोकही उन्हातच जात. आतल्या खोलीचं दृश्य असलं तरी खोली उभी राही मोकळ्यावर, छताच्या जागी पांढरं कापड. हा मांजरपाट आहे, दोन धुण्या झालेला, खळ गेलेली. नव्या कापडाला खळ असते, ते ताणलं तरी चुण्या पडतात आणि चुण्यांच्या सावल्या थेट चेहऱ्यावर येतात. मागे रंगवलेला पडदा आहे. वाऱ्यानं तो हलतोय, तो हलू द्या. त्या काळच्या चित्रपटांत राजवाड्यांच्या भिंती अशाच हलतात.

(दृश्य: पातेल्यात चहाचं पाणी. त्यात बुडणारं धोतर.)

पांढरंशुभ्र धोतर उन्हात जळून जातं, त्यात ना घडी दिसते ना निरी. म्हणून ते चहाच्या पाण्यात दहा मिनिटं. डोळ्यांना जेमतेम मळकट दिसतं, पण निळ्या रंगाच्या हिशेबात पुष्कळ खाली उतरतं आणि निऱ्या मोकळ्या होतात. चेहऱ्याचं उलटं. त्वचेत लाल असतोच, त्यामुळे ती गडद होते, मुरमं आणि डाग उठून दिसतात. पावडरीचा हात जरा सढळ हवा, आणि मानेवर, हातांवरही. नाहीतर चेहरा वेगळा आणि मान वेगळी. ओठांना लाल अजिबात नको. कुंकू मात्र लालच, ते काळं झालेलं शोभतं.

(दृश्य: तिपाईवर मोबाइल. जमिनीवर खडूची रेघ.)

मोबाइल तिपाईवर, आणि दृश्य संपेपर्यंत तिथंच. नेहमीचं भिंग फार रुंद असतं. 2एक्स घ्या आणि सहा मीटर, म्हणजे वीस फूट, मागे जा. माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसतो. चित्र नंतर 4:3 मध्ये कापायचंच आहे. एचडीआर (ऊन-सावलीतला फरक आपोआप कमी करणारी सोय), स्थिरीकरण, पार्श्वभूमी धूसर करणारी सोय, तिन्ही बंद. फोकस आणि एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं प्रमाण, कुलूपबंद. फोकस मोकळा ठेवला तर हलत्या पडद्यामागे धावत बसतो.

शटर 1/30 सेकंद. इतक्या संथ शटरला ऊन झेपत नाही, म्हणून भिंगापुढे एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच: कापडाखाली एनडी 32, उघड्यावर एनडी 128.

(दृश्य: जुन्या कॅमेऱ्याचं हँडल. हात फिरतो.)

आता गंमत हँडलची. एका फेऱ्यात आठ फ्रेम, म्हणजे आठ सुटी चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा फ्रेम. हा झाला कागदावरचा हिशेब. हात कधी मंदावतो. मंदावला की प्रत्येक फ्रेमवर उजेड जास्त वेळ पडतो, चित्र उजळतं. आणि फ्रेम कमी भरल्यामुळे पडद्यावर माणसं जरा पळतात. उजळणं आणि पळणं एकाच हातानं होतं. तयार इफेक्टमध्ये नुसतीच लुकलुक असते, वेगाशी तिचा काही संबंध नसतो. डोळ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटेपणा कळतो.

आपण सेकंदाला 30 फ्रेमनी चित्रीकरण करायचं आणि एकाआड एक फ्रेम टाकून द्यायची. उरल्या 15. त्या 16च्या वेगानं चालवायच्या: चाल किंचित चुरचुरीत होते, धावपळ होत नाही. संपादनाची टाइमलाइन सेकंदाला 48 फ्रेमची ठेवली, तर प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा येते. तीन पात्यांचं शटर असलेला प्रोजेक्टरही हेच करायचा. फ्रेम ब्लेंडिंग, म्हणजे दोन फ्रेम एकमेकींत मिसळणं, बंद हवं, नाहीतर हाताला दोन पंजे फुटतात. मग दर आठ फ्रेमना उजेडात चार टक्क्यांचा चढउतार, आणि उजेड चढेल तिथं वेगही थोडा चढवायचा. मुद्दाम जरा बेशिस्त.

(दृश्य: फिल्मची पट्टी, कडेची भोकं.)

दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, सोबत फिल्मला भोकं पाडायचं यंत्र. कोऱ्या फिल्मला कडेची भोकं नसत. ती दादरच्या घरी अंधारात पाडली जात, आणि या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा हात असे. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913ला गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला, तो अशा घरकामातून. भोक केसभर चुकलं की पडद्यावर चित्र डुलतं. ते डुलणं 1080 उंचीच्या चित्रात दोन-तीन पिक्सेल पुरे, बहुतेक वरखाली, आणि पाळण्यासारखं सावकाश. चित्राभोवतीची काळी चौकट मात्र स्थिर राहू द्या, कोपरे किंचित गोल. हलतं ते चित्र, प्रोजेक्टरची खिडकी हलत नाही.

(दृश्य: तेच दृश्य, एकदा मोबाइलच्या ‘जुना चित्रपट’ फिल्टरमधून, एकदा नुसतं.)

आणि हे ओरखडे. हे त्या चित्रपटांचे नव्हेत, शेकडो खेळांत झिजलेल्या प्रतींचे आणि प्रतींच्या प्रतींचे. पहिल्या खेळाला बसलेल्या माणसानं बघितलं ते चित्र लख्ख होतं. तपकिरी झाकही जुन्या फोटोंची. चित्रपटांना रंग देत ते प्रसंगाप्रमाणे: रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळसर, आगीला लाल. रात्रसुद्धा भर दुपारी घेत आणि फिल्म रंगात बुडवत. आपण संपादनात चित्रावर निळा थर मल्टिप्लाय या मिश्रणप्रकारात टाकायचा, म्हणजे रंग उजळ भागावर चढतो आणि काळं काळंच राहतं.

(दृश्य: काळ्या कार्डाचं छिद्र. त्यातून दिसणारा चेहरा.)

चेहऱ्याभोवतीच्या गोल चौकटीसाठी काळ्या कार्डशीटला एक सेंटिमीटरचं छिद्र, भिंगापासून तीन सेंटिमीटरवर. कड आपोआप मऊ येते.

(दृश्य: ब्रश. काळ्या कागदावर ‘दुसऱ्या दिवशी’.)

दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या हातानं. पांढरा पोस्टर कलर, चार नंबरचा ब्रश, रंग पूर्ण वाळल्यावर चित्रीकरण. ओला रंग चकाकतो. पाटी पडद्यावर किती वेळ? मोठ्यानं, सावकाश, दोनदा वाचून होईपर्यंत. तेव्हा शेजारच्याला वाचून दाखवणारेही असत.

आवाजाची पट्टी रिकामी ठेवा. पेटी-तबला असेल तर पडद्याशेजारी, प्रत्यक्ष.