अरोराच्या पोटात काही मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार.

३ मार्च २०१४ची रात्र. अलास्कातल्या पोकर फ्लॅट तळावर नासाच्या 'ग्रीस' या अरोरा-अभ्यास मोहिमेचं रॉकेट सज्ज होतं. सोडायचं कधी, हे मात्र आकाश ठरवणार होतं. अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, नेमका रॉकेटच्या वाटेवर उजळायला हवा. अखेर पहाटे २ वाजून ९ मिनिटांनी रॉकेट सुटलं. त्याच्या वाटेवरच्या व्हीनटाय गावात कॅमेरे रोखलेले होते. खालून कॅमेरा बघतोय आणि वर रॉकेट त्याच प्रकाशातून जातंय!

त्यासाठी रॉकेटच का? अरोराची खालची कड साधारण १०० किलोमीटरवर असते. शास्त्रीय फुगे ४० किलोमीटरच्या आसपास थकतात आणि उपग्रह इतक्या खाली आला, तर विरळ हवासुद्धा त्याला ओढून पाडते. उरतं रॉकेट. तेही तिथे काही मिनिटंच असतं.

त्या मिनिटांत मोजायचं काय? तिथला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, किती दाट, किती तापलेला. मला सगळ्यात भुरळ घालतं त्यातलं अगदी साधं उपकरण, लँगम्युर प्रोब. १९२०च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युर यांनी ते प्रयोगशाळेत घडवलं. धातूची एक सुई किंवा गोळी, बस्स. तिला धन विद्युतदाब (व्होल्टेज) दिला की इलेक्ट्रॉन तिच्याकडे धावतात. प्रवाह जितका जास्त, तितका प्लाझ्मा दाट. हा विद्युतदाब हळूहळू बदलत गेलं, तर प्रवाह किती झपाट्यानं वाढतो यावरून इलेक्ट्रॉनांचं तापमान कळतं.

खरी अडचण रॉकेटचीच. ते स्वतः विद्युतभारित होतं, मागे पोकळी सोडत जातं, अंगातून वायू सोडतं. म्हणून सुई लांब दांडीवर, रॉकेटपासून दूर धरावी लागते. तरीही रॉकेटचा स्वतःचा भार हिशेबात धरावा लागतो. नाहीतर तापमान चुकतं.

हे कष्ट वाया जात नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल मॅकिल्वेन यांनी कॅनडातल्या फोर्ट चर्चिलहून रॉकेटं सोडली आणि १९६०मध्ये निष्कर्ष मांडला: तेजस्वी अरोरा पेटवणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा जवळपास एकसारखी, सुमारे ६ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक). नुसते भरकटत आलेले कण असे एका मापाचे नसतात. वरून येताना विद्युतक्षेत्रानं त्यांना वेग दिला असणार, असा विचार तिथून बळावला.

रॉकेट खाली कोसळायच्या आत आकडे जमिनीवर पोचलेले असतात. ते येतात रेडिओ लहरींवरून, माझा आवाज आत्ता तुमच्यापर्यंत येतोय तसेच.