संशोधनाचा धागा वर्गात कसा येतो?

श्रोतेहो, नमस्कार.

जो उत्तम संशोधक तो उत्तम शिक्षक, असं विद्यापीठांत सर्रास धरून चालतात. या समजाच्या मुळाशी जर्मन विचारवंत विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांचा विचार आहे. 1810 मध्ये बर्लिनचं विद्यापीठ सुरू झालं ते संशोधन आणि अध्यापन वेगळं काढायचं नाही, या त्यांच्या भूमिकेवर. पण जॉन हॅटी आणि हर्बर्ट मार्श या शिक्षण-संशोधकांनी 1996 मध्ये 58 अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून तपासली, तेव्हा या दोहोंतला सहसंबंध निघाला जेमतेम 0.06. पूर्ण संबंध असता तर तो 1 आला असता. म्हणजे संशोधनामुळे शिकवणं बिघडत नाही, पण आपोआप सुधारतही नाही.

उलट दिशेची उदाहरणं मला जास्त बोलकी वाटतात. जर्मन गणितज्ञ रिचर्ड डेडेकिंड 1858 मध्ये झुरिकला कलनशास्त्र शिकवत होते. शिकवताना त्यांना जाणवलं, की या विषयाचा पायाच तर्कशुद्ध नाही. त्या अस्वस्थतेतून त्यांनी वास्तव संख्यांची नवी मांडणी केली. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह 1869 मध्ये आवर्तसारणीपर्यंत पोचले, तेही विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिताना मूलद्रव्यं कोणत्या क्रमानं मांडावीत या विचारात असताना.

तेव्हा हा धागा मुद्दाम विणावा लागतो, आणि त्याची जागा अभ्यासक्रमात आहे. प्राध्यापकानं आपल्या ताज्या शोधनिबंधाच्या स्लाइड दाखवल्या, एवढ्यानं भागत नाही. त्यात विद्यार्थी नुसता श्रोताच राहतो.

समजा, सत्र 15 आठवड्यांचं आहे आणि विषय आहे पाण्यातले क्षार. पहिले तीन आठवडे फक्त हात बसवण्यासाठी ठेवा. मिठाचं प्रमाण आधीच माहीत असलेलं द्रावण द्या आणि त्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातून वीज किती सहज वाहते ते, मोजायला लावा; क्षार जास्त तशी ती जास्त. चौथ्या आठवड्यापासून असे नमुने द्या, ज्यांचं उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही. तीन-तीन जणांचे गट करा, आणि एकच नमुना दोन गटांकडे द्या, एकमेकांना न सांगता.

खरी मजा इथं सुरू होते. दोन गटांच्या आकड्यांत वीस टक्क्यांचा फरक पडला. चूक कुणाची? बहुतेक वेळा गणिताची नसते. एका गटाची बाटली नुकती शीतपेटीतून काढलेली असते, दुसऱ्याची तासभर टेबलावर. तापमान एका अंशानं वाढलं की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते. उपकरण ही दुरुस्ती करत नसेल, तर दहा अंशांच्या फरकानं एवढी तफावत येणारच. मोजमापाची अट काय असते, हे व्याख्यानात कितीही सांगितलं तरी इतकं ठसत नाही.

फसतं ते दोन ठिकाणी. प्रश्न फार मोठा घेतला, की सगळा वेळ नमुने गोळा करण्यातच जातो. दुसरं जास्त घातक: वर्षानुवर्षं प्रयोगवहीत ‘बरोबर’ उत्तरालाच गुण मिळालेले असतात, म्हणून विद्यार्थी न जुळणारी नोंद गुपचूप खोडतात. त्यावर उपाय गुणपद्धतीत आहे. निम्मे गुण कच्च्या नोंदींना द्या. खोडाखोड चालेल, पण मूळ आकडा वाचता आला पाहिजे आणि तो का वगळला तेही शेजारी लिहिलेलं हवं. प्रश्नावली घेऊन लोकांकडे जायचं असेल, तर नीतिविषयक समितीची परवानगी सत्र सुरू होण्याआधीच मागा. ती मिळायला आठवडे जातात.

शेवटचे दोन आठवडे लेखनासाठी राखून ठेवा. त्या लेखनात निष्कर्षाइतकीच जागा पुढच्या तुकडीसाठीच्या सूचनांना असू द्या: नमुना कुठून घेतला, किती वाजता, किती तापमानाला मोजला, आणि कोणती तफावत अजून सुटलेली नाही. पुढच्या वर्षीचे गट तिथूनच सुरुवात करतील.

नमस्कार.