कुठून निघायचं, किती चढायचं

(दृश्य: आलेख कागद, अगदी जवळून. पेन्सिलीचं टोक कागदावर येऊन थांबतं.)

बारीक चौकटींचा कागद. मधोमध दोन ठळक रेघा, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या. आडवी रेघ म्हणजे एक्स-अक्ष, उभी म्हणजे वाय-अक्ष, आणि दोन्ही भेटतात तो आरंभबिंदू. कागदाच्या कोपऱ्यात एक समीकरण लिहिलंय:

वाय = २/३ एक्स + १

याचा आलेख काढा म्हटलं की हात आपसूक तक्ता आखायला लागतो. एक्स शून्य घेतला तर वाय किती, एक घेतला तर किती, दोन घेतला तर किती. इथे एक्सला १ घेतला की वाय येतो १ पूर्णांक २/३, आणि मग तो बिंदू दोन रेघांच्या मध्ये नेमका कुठे द्यायचा यावरच वेळ जातो. तक्त्याची पद्धत चुकीची नाही. रेषा मिळतेच. पण समीकरण स्वतःहून जे सांगतंय, ते ऐकायचं राहून जातं.

ते दोनच गोष्टी सांगतंय. कुठून निघायचं आणि किती चढायचं.

शेवटचा तो १ बघा. एक्स शून्य असेल तर २/३ एक्स हे पद नाहीसं होतं आणि वाय उरतो १. एक्स शून्य असलेले सगळे बिंदू उभ्या अक्षावरच असतात. म्हणजे आपली रेषा उभ्या अक्षाला १ वर छेदणार, हे काहीही आकडेमोड न करता कळलं. पेन्सिल तिथे टेकवा. एक ठिपका.

(दृश्य: (०, १) वर ठिपका. पेन्सिल उचलली जात नाही.)

आता २/३. याला आपण रेषेचा चढ म्हणतो. छेदातला ३ म्हणजे उजवीकडे चालायची घरं, अंशातला २ म्हणजे वर चढायची घरं. एक, दोन, तीन उजवीकडे. एक, दोन वर. ठिपका. आपण (३, ३) वर आलो. पुन्हा तीन उजवीकडे, दोन वर: (६, ५). आणि निघालो तिथूनच उलटं गेलो तर? तीन डावीकडे, दोन खाली: (−३, −१). चारही ठिपक्यांवर पट्टी ठेवा. एकही ठिपका पट्टीबाहेर जात नाही.

का जात नाही, इथे जरा थांबू या. कृती पाठ होते आणि हे कारण मागे राहतं.

एक्स कितीही असू दे, तो ३ ने वाढवा. वाय वाढतो २/३ गुणिले ३, म्हणजे बरोबर २. आपण शून्याजवळ होतो की हजाराजवळ, याने फरक पडत नाही. शेवटच्या १ चाही यात काही हात नाही. तो आधीही होता, नंतरही आहे, वजाबाकीत निघून जातो. म्हणजे रेषेवर कुठेही उभे राहा, पुढचं पाऊल तेवढंच आणि त्याच दिशेने पडतं. आकृतीत बघायचं तर रेषेखाली दोन काटकोन त्रिकोण काढा. एकाच्या काटकोनालगतच्या बाजू ३ आणि २, दुसऱ्याच्या ६ आणि ४. दोन्ही समरूप, बाजूंचं गुणोत्तर एकच. रेषेचं सरळपण म्हणजे हे न बदलणारं गुणोत्तर. वक्र रेषेला हे जमत नाही, तिचा चढ पावलागणिक बदलतो.

समीकरण आणि आकृती या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे माणसाच्या लक्षात यायला बराच काळ गेला. १६३७ मध्ये फ्रान्सच्या रेने देकार्त यांचा भूमितीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास पिएर द फर्मा यांनीही स्वतंत्रपणे तेच काम केलं होतं. दोन अज्ञात राशींचं पहिल्या घाताचं समीकरण सरळ रेषा दाखवतं, हे फर्मा यांनी स्पष्ट लिहिलं. त्यांचं ते लेखन छापून आलं १६७९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. आज आपण आखतो तसे दोन अक्ष, दोन्ही बाजूंना धन आणि ऋण संख्या, हे चित्र त्या दोघांच्याही कागदावर नव्हतं. ते पुढच्या लोकांनी घडवलं.

(दृश्य: नवा कागद.)

आता चढ ऋण असेल तर? समीकरण घेऊ २ एक्स + ३ वाय = ६. या रूपात चढ दिसत नाही, म्हणून आधी वाय एकटा करायचा: वाय = −२/३ एक्स + २. उभ्या अक्षावर २ वर ठिपका. पुढे तीन उजवीकडे आणि दोन खाली. आलो (३, ० ) वर. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ते उणे चिन्ह दोन्हींना लावणं: तीन डावीकडे आणि दोन खाली. पण उणे भागिले उणे म्हणजे अधिक, आणि रेषा उतरायची ती चढायला लागते. चिन्ह एकालाच लावा. वरच्या संख्येला लावा किंवा खालच्या, रेषा तीच येते.

वाय = ४ ही रेषा आडवी, चढ शून्य. एक्स = ४ ही उभी. तिचा चढ काढायला गेलो तर शून्याने भागावं लागतं, म्हणून तिला चढ नाही, आणि ती वाय एकटा करून लिहिताही येत नाही.

(दृश्य: तापमापक. एका बाजूला सेल्सिअस, दुसऱ्या बाजूला फॅरनहाइट.)

अशी चढणारी रेषा तापमापकातही आहे. आडव्या अक्षावर सेल्सिअस घ्या, उभ्यावर फॅरनहाइट. पाणी गोठतं ते ० सेल्सिअसला, म्हणजे ३२ फॅरनहाइटला. हा निघायचा बिंदू. पाणी उकळतं १०० ला, म्हणजे २१२ ला. शंभर घरं उजवीकडे गेलो तेव्हा १८० घरं वर आलो, चढ ९/५. पाच उजवीकडे, नऊ वर.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये आपलं मापन मांडलं, तेव्हा पाणी उकळण्याला त्यांनी ० म्हटलं होतं आणि गोठण्याला १००. पुढे काही वर्षांतच ते उलटवलं गेलं. त्यांच्या मूळ आकड्यांनी हाच आलेख काढला, तर रेषा २१२ वरून निघते आणि दर पाच घरांना नऊ घरं खाली उतरते. पाणी तेच, उष्णता तीच. आरंभ आणि मोजायची दिशा बदलली आणि चढाचा उतार झाला.

आता आजच्या रेषेकडे परत या आणि त्याच कागदावर दुसरी रेषा काढा: वाय = एक्स, म्हणजे दोन्ही मापनांचे आकडे सारखे असलेले सगळे बिंदू. ही आरंभबिंदूतून जाते, चढ १. शून्यापाशी दोन रेषांमध्ये ३२ घरांचं अंतर आहे. डावीकडे सरकू लागलो की दर घराला पहिली ९/५ ने उतरते, दुसरी १ ने. म्हणजे अंतर दर घराला ४/५ ने कमी होतं. ३२ भागिले ४/५ म्हणजे ४०. चाळीस घरं डावीकडे गेलं की दोन्ही रेषा भेटतात.

(दृश्य: पेन्सिल डावीकडे, खाली सरकत जाते आणि छेदबिंदूवर थांबते.)

उणे ४०. दोन्ही मापनांत तोच आकडा.